ज्युलियस न्येरेरे : साधेपणाचे मार्क किती द्यायचे?

चौकस

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण शेवटी एकाच थांब्यावर उतरतो: धोरणं फसली, पण माणूस सच्चा होता. परदेशी बँकेत घबाड नाही, महाल नाही, सत्ता आपणहून सोडली. भारत सरकारचा पहिला गांधी शांतता पुरस्कार 1995 साली मिळाला तोही त्यांनाच. हे सगळं मान्य. तरी मला वाटतं, या सच्चेपणाच्या आड त्यांच्या कारभाराचा हिशेब राहून गेलाय. जे एखाद्या लुटारू हुकूमशहाने केलं असतं तर आपण त्याची सालटी काढली असती, ते न्येरेरेंनी केलं म्हणून 'प्रयोग' ठरलं.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 1922 चा, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या बुटियामा गावातला. वडील झनाकी या लहानशा जमातीचे प्रमुख. एडिंबराहून 1952 साली एम.ए. होऊन आले आणि शाळेत शिकवू लागले. तेव्हापासून कायमचे 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी. 1954 ला टानू पक्ष, 9 डिसेंबर 1961 ला टांगानिकाचं स्वातंत्र्य, 1964 ला झांझिबारशी जोडणी होऊन टांझानिया. 1967 च्या अरुषा जाहीरनाम्यानंतर बँका आणि मोठे उद्योग सरकारजमा झाले, आणि खेड्यांसाठी 'उजामा' आलं: एकत्र राहा, एकत्र कसा.

आधी हे ऐच्छिक होतं. दक्षिणेत सोंगेयाच्या बाजूला रुवुमा भागातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या अकलेने अशी गावं उभी केली होती. स्वतःची शाळा, स्वतःची गिरणी. गुरुजींना ज्याचं स्वप्न पडत होतं तेच तिथे चालू होतं. 1969 साली पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ती संघटना बरखास्त केली, कारण ती पक्षाच्या मुठीत नव्हती. न्येरेरेंनी ते होऊ दिलं. मग नोव्हेंबर 1973 मध्ये जाहीर केलं की नव्या गावांत राहायला जाणं हा आता हुकूम आहे. माणसं ट्रकमध्ये भरली गेली. ती परत फिरू नयेत म्हणून कित्येक ठिकाणी मागची घरं पाडली, पेटवली. 1977 पर्यंत या गावांची लोकसंख्या 1 कोटी 30 लाखांवर गेली होती.

प्रामाणिक माणसाच्या हुकमाने जळालं म्हणून ते घर कमी जळतं का?

निळावंती

शेवटचं वाक्य टाळ्यांचं आहे. पण आजूबाजूला बघा ना जरा. युगांडात इदी अमीन, झाईरमध्ये (आताचं काँगो) मोबुटू, दोघेही हुकूमशहा; रवांडा-बुरुंडीत कत्तली, मोझांबिकमध्ये यादवी. मधोमध टांझानिया. 120 च्या आसपास जमाती, आणि स्वातंत्र्यापासून आजतागायत यशस्वी लष्करी उठाव एकही नाही. हे आपोआप घडलं?

जमातप्रमुखांचे अधिकार त्यांनी 1963 सालीच काढून घेतले, आणि ते स्वतः एका जमातप्रमुखाचे चिरंजीव. कारभार आणि प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत नेलं, जी कुठल्याच मोठ्या जमातीची खास मालकीची भाषा नव्हती. माध्यमिक शाळेची मुलं मुद्दाम दुसऱ्या प्रांतातल्या वसतिगृहांत पाठवली. शेजारच्या केनियात निवडणूक आली की अजून कोण किकुयू, कोण लुओ हे आधी मोजलं जातं. टांझानियात जमातीच्या नावावर मतं मागणं लोकांना ओंगळ वाटतं.

तुम्ही घरं मोजताय. न झालेले मुडदे कोण मोजणार?

उंटावरचा

निळावंतीताई, न झालेल्या मुडद्यांवर कुठल्याही राज्यकर्त्याचं समर्थन करता येतं. झालेल्याबद्दल बोलू.

इरिंगा प्रांत, इस्मानी भाग, 1971 चा नाताळ. प्रांताचे आयुक्त डॉ. विल्बर्ट क्लेरू हे उजामाचे कट्टर. सईद म्वाम्विंडी नावाचा मक्याचा शेतकरी सणाच्या दिवशीही शेतात काम करत होता. आयुक्त तिथे जाऊन त्याला झापू लागले. बाचाबाची झाली आणि म्वाम्विंडीने गोळी घातली. मग प्रेत गाडीत घालून तो स्वतःच पोलीस ठाण्यात हजर झाला. त्याला फाशीची शिक्षा झाली. खून तो खूनच, त्याची वकिली करत नाही. पण हा माणूस जमीनदार वगैरे नव्हता. पडीक रान मोडून त्यावर चार पैसे कमावणारा बागायतदार म्हणा फार तर. त्याला 'शोषक' ठरवणारी व्यवस्था गुरुजींनीच तयार केली होती. आणि हे 1971 चं आहे, म्हणजे सक्तीचा हुकूम निघायच्या दोन वर्षं आधीचं. 'आधी ऐच्छिक होतं' हे चौकसरावांचं म्हणणंही मला उदार वाटतं.

काजूबी

माझा चष्मा वेगळा आहे. आमचा वेंगुर्ल्याकडे काजू प्रक्रियेचा घरचा धंदा. कोकणातल्या कारखान्यांना इथला माल पुरत नाही, आफ्रिकेतून कच्ची बी येते, टांझानियाचीही येते. त्यामुळे म्त्वारा आणि लिंडी ही तिथल्या काजूपट्ट्याची नावं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

1973-74 च्या हंगामात टांझानियाने सुमारे 1 लाख 45 हजार टन काजू बी काढली होती. 1986-87 ला आकडा 16-17 हजार टनांवर आला. काजूचं झाड काही मक्यासारखं नाही, की यंदा इथे पेरलं आणि पुढल्या वर्षी तिथे. ते एकदा लावलं की तिथंच. शेतकऱ्याला उचलून दहा-बारा किलोमीटरवर नव्या गावात बसवलं. झाड राहिलं मागे. खाली पडलेली बी दोन-तीन दिवसाआड वेचावी लागते, रान साफ ठेवावं लागतं, नाहीतर वणवा लागला की बाग खलास. रोज कोण एवढं चालत जाणार? त्यात सरकारी खरेदीचा भाव पडलेला, आणि वरून भुरीचा रोग. भुरीचा दोष न्येरेरेंना देत नाही मी. पण रोग आल्यावर बघायला बागेत माणूस तरी असावा लागतो.

हुकूम काढणाऱ्याने एकदा कुठल्या बागायतदाराला विचारलं असतं, तर एवढं त्याने फुकट सांगितलं असतं.

दारेसलामकर

नोकरीनिमित्त इथे टांझानियात, दारेसलामला राहतो, म्हणून लिहितो. कचेऱ्यांमध्ये सध्याच्या राष्ट्राध्यक्षांच्या फोटोशेजारी गुरुजींचा फोटो अजूनही असतो. 14 ऑक्टोबर, त्यांच्या निधनाचा दिवस (1999), सार्वजनिक सुट्टी. माझ्या ऑफिसातला ड्रायव्हर सध्याच्या पुढाऱ्यांना शिव्या घालताना दर वेळी गुरुजींचा दाखला देतो. त्याच्या आईवडिलांना नव्या गावात हलवलं होतं, हेही तोच सांगतो. दोन्ही एका दमात. त्याला त्यात काही विसंगती वाटत नाही.

इथल्या जुन्या गुजराती कुटुंबांचा सूर निराळा. 1971 साली एक लाख शिलिंगांहून जास्त किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने घेतल्या. इमारत दहा वर्षांहून जुनी असेल तर भरपाई शून्य. कायद्यात वंशाचं नाव नव्हतं, पण शहरात अशा इमारती कोणाच्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. आयुष्याची कमाई त्या भिंतींत घातलेली माणसं पुढे कॅनडा, इंग्लंडला गेली. आता दुसरी बाजू: त्याच सरकारचे अर्थमंत्री अमीर जमाल, भारतीय वंशाचे, न्येरेरेंचे अगदी आतल्या गोटातले. पुढच्याच वर्षी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना 90 दिवसांत हाकललं, तेव्हा न्येरेरेंनी त्याला उघड वंशवाद म्हटलं. मालमत्ता गेलेले आजोबासुद्धा इथे 'निदान हाकललं नाही' म्हणतात. अर्थात हे आभार आहेत की टोमणा, ते आजोबांनाच ठाऊक.

निळावंती

काजूबींच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधतही नाही. गावांची सक्ती चूकच.

पण आर्थिक दिवाळखोरीचं सगळं खापर उजामावर फोडू नका. 1973-74 चा दुष्काळ, त्याच सुमाराला तेलाचा भडका, 1977 ला केनिया-युगांडासोबतचा पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला. वर ऑक्टोबर 1978 मध्ये अमीनने टांझानियाचा कागेरा पट्टा बळकावला. आफ्रिकी एकता संघटनेने अमीनचा साधा निषेधसुद्धा केला नाही. टांझानियाने मुख्यतः स्वतःच्या बळावर लढून 11 एप्रिल 1979 ला कंपाला घेतलं, खर्च 50 कोटी डॉलरच्या घरात सांगतात. कोणी भरून दिला? दक्षिण आफ्रिकेच्या वंशवादी सरकारशी लढणाऱ्यांना, पोर्तुगीजांशी लढणाऱ्या मोझांबिकच्या फ्रेलिमो संघटनेला, सगळ्यांना दारेसलाममध्ये थारा होता. फ्रेलिमोचे नेते एदुआर्दो माँडलाने हे 1969 साली तिथेच पार्सल बॉम्बने मारले गेले. गरीब देशाने हा भार उचलला. बाकीचे ठराव करत बसले.

उंटावरचा

अमीनला घालवलं, उत्तम. मग अमीनने हटवलेले युगांडाचे आधीचे राष्ट्राध्यक्ष ओबोटे परत आले ते कोणाच्या आशीर्वादाने? 1980 ची युगांडातली निवडणूक टांझानियाचं सैन्य तिथे असतानाच झाली, ती कशी झाली यावर आजही वाद आहे, आणि त्यानंतर युगांडातल्या लुवेरो भागात माणसं मारली गेली.

आणि 'सत्ता आपणहून सोडली' यालाही शेपूट आहे. 1985 ला राष्ट्राध्यक्षपद अली हसन म्विन्यींना दिलं, पण पक्षाचं अध्यक्षपद 1990 पर्यंत स्वतःकडे. एकपक्षीय देशात खरी किल्ली कोणती, हे सांगायला नको. नाणेनिधीच्या अटींवर सही करायची नाही म्हणून वर्षानुवर्षं अडून बसले, तोवर साबणासाठी रांगा. 1983 ला टंचाईचा राग 'साठेबाजां'वर काढून धरपकड केली. ते पदावरून गेले आणि 1986 ला सही झालीच.

निळावंती

1990 ला एकपक्षीय पद्धतीचा फेरविचार करा असं म्हणणारेही तेच होते. पक्षातले बाकीचे हादरले होते. 1992 ला बहुपक्षीय पद्धत आली. स्वतः बांधलेली भिंत स्वतः पाडायला सांगणारे किती जण दाखवता येतील?

चौकस

25 वर्षं भिंतीआड कोण होतं तेही बघू. टानूच्या महिला आघाडीच्या बीबी टिटी मोहम्मद. शिक्षण बेताचं, दारेसलामच्या गाण्या-बजावण्याच्या मंडळांमधून हजारो बायका त्यांनी पक्षात आणल्या. न्येरेरे विद्यापीठातून आले होते. ही बाई वस्तीतून. अरुषा जाहीरनाम्यात पुढाऱ्यांना घर भाड्याने द्यायला बंदी आली, यांचं घर भाड्याने दिलेलं होतं, त्यांनी पद सोडलं. 1969 ला देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक, मग जन्मठेप. 1972 ला सुटका. माफी मिळाली, नाव बराच काळ पुसलं गेलं.

साधेपणाचा नियम चांगलाच होता. पण गुरुजींना पगार आणि सरकारी निवास होता. फारशी शाळा न शिकलेल्या बाईला म्हातारपणासाठी भाड्याने दिलेल्या दोन खोल्यांशिवाय काय होतं?

दारेसलामकर

चौकसराव, बीबी टिटींच्या नावाचा मोठा रस्ता आहे इथे शहराच्या मध्यात. पार पुसलं गेलं असं नाही.

चौकस

रस्त्याला नाव दिलं हे छानच. खटला चुकीचा होता, असं सरकारने कधी म्हटलंय का, तेवढं तुमच्या ड्रायव्हरला विचारून बघा.

काजूबी

अवांतर: ड्रायव्हरच्या आईवडिलांची झाडं होती का कुठली, तेही विचारा. आणि आता ती कोण वेचतं.