वाचनालयाच्या साइटसाठी होस्टिंग आणि डिझाइन सुचवा, बजेट महिना ५०० रुपये

तलावपाळी_वाचक
नमस्कार मंडळी. नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयाची साइट मी सांभाळतो, आवड म्हणून. २२ हजार पुस्तकांची यादी, वेळा, वर्गणीचे दर, नवीन आलेली पुस्तकं, एवढंच त्यात आहे. सध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स) वर्डप्रेस आहे, पहिल्या वर्षी स्वस्तात दिलं आणि आता रिन्यूअलला जवळपास तिप्पट सांगतायत, वर एसएसएल सर्टिफिकेटचे (साइट सुरक्षित असल्याचा दाखला) पैसे वेगळे. सभासद बरेचसे साठीच्या पुढचे, मोबाइलवर बघतात, आणि यादीत पुस्तक शोधायला गेलं की पान इतकं रेंगाळतं की ते सरळ वाचनालयात फोन करतात. कमिटीने महिना ५०० मंजूर केलेत, त्याहून जास्त काही मिळणार नाही. कुठे हलवू आणि डिझाइन कसं करू?

ऐरोली_क्लाउडवाला
डोळे झाकून एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) घ्या. मुंबई रीजन २०१६ पासून आहे, ठाण्यात पान झटकन उघडणार. आमच्या कंपनीचं सगळं तिथेच आहे, दोन झोन, लोड बॅलन्सर, मॅनेज्ड डेटाबेस, रात्री शांत झोप लागते. पाच-सहा हजारांत बसेल तुमचं.

महापे_रात्रपाळी
अहो तो ५०० म्हणतोय. फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस नुसत्या पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) तासाला ०.००५ डॉलर लावतं, महिन्याचे साडेतीन डॉलरच्या वर गेले, जीएसटी वेगळा. मशीन चालू व्हायच्या आधीच निम्म्याहून जास्त पैसे संपले.

वाचक दादा, छोटा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) घ्या, त्यावर कॅडी हा वेब सर्व्हर प्रोग्रॅम टाका, सर्टिफिकेट तो स्वतः काढतो आणि स्वतः रिन्यू करतो. सर्टिफिकेटला एक पैसा देऊ नका, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट आहे. आणि हे आता हाताने करायचं काम राहिलेलंच नाही, कारण १५ मार्च २०२६ पासून कुठलंही नवीन सर्टिफिकेट जास्तीत जास्त २०० दिवसांचं, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवसांचं. मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केलेत, म्हणून रिन्यू झालं की नाही हे बघणारा मॉनिटर प्रोग्रॅम वेगळा लावाच लावा.

घोडबंदर_फुलस्टॅक
व्हीपीएसच. फक्त एनजिनएक्स घेऊ नका, ते बंद पडतंय, आमच्या ऑफिसात सगळे शनिवार-रविवार त्याच्या मायग्रेशनमध्ये गेले.

महापे_रात्रपाळी
चुकीचं सांगू नका लोकांना. बंद झालं ते कुबरनेटीसमधलं (मोठ्या कंपन्यांचे अनेक सर्व्हर एकत्र चालवणारी प्रणाली) इन्ग्रेस एनजिनएक्स नावाचं कंट्रोलर, म्हणजे बाहेरून येणारी रहदारी आत वळवणारा भाग, नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आणि मार्च २०२६ पर्यंतच देखभाल. सांभाळायला एक-दोन माणसं होती, तीही स्वतःचा वेळ काढून, आणि जगभरच्या कंपन्या त्यावर चालत होत्या. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर वेगळा आहे आणि ठणठणीत आहे.

घोडबंदर_फुलस्टॅक
ठीक आहे, पण आम्हाला त्रास झालाच ना. गेटवे एपीआयवर, म्हणजे त्याच्या जागी वापरायच्या नव्या पद्धतीत, सगळे नियम नव्याने लिहावे लागले.

कोपरखैरणे_मिनीपीसी
भाड्याने कशाला घेता? मी जुना मिनी पीसी घरी ठेवलाय, यूपीएस लावलाय, पावसाळ्यात लाइट गेली तरी राउटरसकट चालू राहतो. माझ्या फायबरला पब्लिक आयपी नाही, सीजीनॅटच्या मागे आहे (एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला), तर टनेल, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरपर्यंतचा खास मार्ग, टाकून बाहेर काढलं. घरातल्या फोटोंपासून सगळं त्यावर आहे. वाचनालयातच एक ठेवा की कपाटावर.

नेरूळ_अक्षरजुळणी
कपाटावर ठेवाल हो, पण उद्या दादा गावाला गेले तर तो चालू कोण करणार? कमिटीतलं कोणी?

वाचक दादा, सर्व्हरपेक्षा डिझाइनकडे आधी बघा. मी देवनागरी साइट्सचंच काम करते. वरचा फिरता स्लायडर काढा, कोणी बघत नाही आणि सगळ्यात जड तोच असतो. फॉन्ट मुक्ता घ्या, आपल्या मुंबईच्या एक टाइपचा आहे, फुकट आहे, बारीक आकारातही वाचता येतो. दोनच वजनं (अक्षरांची जाडी) घ्या, डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या हलक्या फाइलमध्ये, आणि स्वतःच्या साइटवरूनच द्या. ओळींमधलं अंतर १.६ च्या खाली नेऊ नका, मात्रा आणि उकार एकमेकांना भिडतात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य ठेवा, इंग्रजी टेम्प्लेटमध्ये शीर्षकांना ते हमखास दिलेलं असतं आणि त्याने शिरोरेषा तुटते. ज्येष्ठ मंडळी आहेत तर मजकूर १८ पिक्सेल तरी हवा.

आणि तुमचा शोध नुसता हळू नसणार, चुकतही असणार. ॲ हे एक अक्षर म्हणून टाइप होतं आणि अ ला चंद्र देऊनही होतं, डोळ्यांना सारखंच, कॉम्प्युटरला वेगळं. 'दुसऱ्या'मधल्या ऱ्याचं तेच, कोणी ऱ वापरतो, कोणी साध्या र पुढे न दिसणारा जॉइनर. यादी आणि शोधायचा शब्द दोन्ही आधी एकाच साच्यात आणा, नाहीतर पुस्तक कपाटात असून साइट 'नाही' म्हणते.

तलावपाळी_वाचक
ताई, अगदी हेच होतंय! 'ॲ'ची पुस्तकं सापडतच नाहीत. जुनी निम्मी यादी तर श्रीलिपीत (युनिकोडआधीचे जुने फॉन्ट) टाइप केलेली होती, ती युनिकोडमध्ये आणली तेव्हा काय काय झालं असेल देव जाणे.

घोडबंदर_फुलस्टॅक
त्यासाठी इलॅस्टिकसर्च (शोधासाठीचं मोठं सॉफ्टवेअर) लागेल. आणि त्याला रॅम चांगली लागते, ८ जीबी धरून चाला.

नेरूळ_अक्षरजुळणी
२२ हजार ओळींना इलॅस्टिकसर्च? यादी रोज बदलते तरी का?

तलावपाळी_वाचक
नाही ताई, महिन्यातून एकदा नवीन खरेदी आली की.

ऐरोली_क्लाउडवाला
माझं अजूनही एडब्ल्यूएसच. वर्षभराचं एकदम घेतलं तर सूट मिळते.

तलावपाळी_वाचक
मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी कमिटीपुढे मांडलं आणि ठरलं. सर्व्हर घेतच नाही. साधी स्टॅटिक पानं (आधीच तयार, डेटाबेस न लागणारी) करून क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंग सेवेवर ठेवतोय, सर्टिफिकेट तेच सांभाळतात, खर्च फक्त डोमेनचा. यादी एक्सेलमध्येच राहील, त्यावरून एक छोटी स्क्रिप्ट ताईंनी सांगितलं तशी अक्षरं एकसारखी करून पहिल्या अक्षराप्रमाणे फाइली पाडेल. सभासदाने 'श' दाबला की फक्त श ची फाइल मोबाइलवर येईल आणि शोध तिथेच होईल. सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते आत्ता वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पडून आहेत, ते इंटरनेटवरून काढायचेच आहेत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पुस्तकाची मुदत वाढवायला फोन चालू आहेच.

घोडबंदर_फुलस्टॅक
क्लाउडफ्लेअर १८ नोव्हेंबर २०२५ ला पडलं तेव्हा एक्स आणि चॅटजीपीटी पण उघडत नव्हतं. बघा बुवा.

तलावपाळी_वाचक
त्या दिवशी कोणाला यादी दिसली नसती तर वाचनालय उघडंच होतं. सर्व्हर घेतला तर त्याचे अपडेट आणि बॅकअप बघायला माझ्यानंतर कोणी नाही, त्याची मला जास्त काळजी आहे.

महापे_रात्रपाळी
मी तरी व्हीपीएसच घेतला असता. पण करताय तर एक लक्षात ठेवा, फुकटच्या प्लॅनवर एका साइटला २०,००० फाइलींची मर्यादा आहे. प्रत्येक पुस्तकाचं वेगळं पान करायला गेलात तर २२ हजारांवर अडकाल.

तलावपाळी_वाचक
हे माहीत नव्हतं, पुस्तकाची वेगळी पानं करणारच होतो. आता अक्षरवार फाइलींवरच थांबतो.

नेरूळ_अक्षरजुळणी
दादा, लेखकांच्या आडनावांचीही अक्षरवार फाइल पाडा, लोक नाव विसरतात पण लेखक लक्षात असतो. आणि चालू करण्याआधी तुमच्या सभासदांपैकी दोन-तीन जणांना त्यांच्याच मोबाइलवर, त्यांच्याच कीबोर्डने शोधायला बसवा.

कोपरखैरणे_मिनीपीसी
मिनी पीसी हवा असेल तर माझ्याकडे एक पडून आहे, वाचनालयासाठी तसाच देईन. वाशीला येऊन घेऊन जा.