मोह 'आडजात' कसा झाला? वनविकास महामंडळ आणि विदर्भातलं जंगल

पळसपान
आमच्या गावच्या शिवेला (ब्रह्मपुरी-वडसा पट्टा, याहून जास्त सांगत नाही) दोन जंगलं समोरासमोर आहेत, मधून बंडीची वाट. डाव्या हाताला मोह, तेंदू, चार (चारोळीचं झाड), ऐन, बेहडा, खाली बांबूच्या रांज्या. उजव्या हाताला सागाचं जुनं रोपवन, शाळेच्या प्रार्थनेला उभं केल्यासारखं. मार्चमध्ये पहाटे आई टोपली घेऊन निघते ती डावीकडेच वळते. उजवीकडे वळायला काही कारणच नाही.

आता मुद्दा. महाराष्ट्राचं वनविकास महामंडळ 1974 चं. कल्पना साधी होती: कमी पैसा देणारं मिश्र जंगल काढायचं, साग लावायचा, पुढे विकायचा. राष्ट्रीय कृषी आयोगानेही 1976 मध्ये देशभरासाठी अशाच महामंडळांची शिफारस केली. पुढे 1988 चं राष्ट्रीय वनधोरण आलं आणि वारं उलटं फिरलं. जंगल आधी पाणी, माती आणि जंगलालगतच्या माणसांसाठी; उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या मदतीने पिकवावा; नैसर्गिक जंगल कारखान्यांच्या लागवडीला देऊ नये. इतकं स्पष्ट लिहिलंय.

धोरण बदललं, महामंडळाचा जन्माचा हेतू मात्र तोच राहिला. जवळपास साडेतीन लाख हेक्टर त्यांच्या ताब्यात आहे. तोडीआधी जंगल 'निकृष्ट' ठरतं, पण निकृष्ट कुणाच्या हिशेबाने? लाकडाच्या धंद्यात सागाला स्वतःचं नाव आहे, बाकीच्या बहुतेकांना मिळून एकच नाव: आडजात. माझ्या आईचं वर्षाचं तेल-मीठ ज्या झाडावर निघतं ते आडजात! माझं म्हणणं एवढंच, की या एका शब्दावर सगळं धोरण उभं आहे.

जुना_वनपाल
उभी हयात जंगलात गेली, म्हणून लिहितो. चित्र छान रंगवलंय, पण अर्धं आहे.

एक तर कुऱ्हाड मनाला येईल तशी चालत नाही. 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने मंजूर केलेल्या आयोजनेशिवाय (जंगलाच्या कामाच्या आराखड्याशिवाय) तोड होत नाही. फळझाडं सोडायची असतात. मोहाला मी स्वतः कधी तोडीच्या खुणेचा हातोडा लावलेला नाही. आणि तुम्ही ज्याला रोपवन म्हणून नाकं मुरडताय, त्याला जडी (सागाचं खोड-मुळाचं रोप) लावण्यापासून निंदणी, जाळरेषा (आग अडवायचे पट्टे), विरळणी (दाटीतली झाडं काढणं) असं साठ-ऐंशी वर्षं कुणीतरी राखावं लागतं. ती मजुरी गावातच जाते.

आणखी एक, कडू लागेल. रोपवन झालं म्हणून त्या जमिनीवर आज झाडं तरी आहेत. नाहीतर निम्म्या ठिकाणी धानाच्या बांध्या पडल्या असत्या. अतिक्रमणाबद्दल धाग्यात एक ओळ नाही.

करवतवाला
आमची आरा मशीन आहे. बल्लारपूरच्या लाकूड आगाराचा लिलाव असला की नागपूर, हैदराबादकडचे व्यापारी येऊन बसतात. सीपी टीक (जुन्या मध्य प्रांताचा, म्हणजे इकडचा साग) म्हटलं की गिऱ्हाईक भाव करत नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये इथूनच साग गेला, तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, आडजात कुणाला आठवलं नाही.

इथली तोड बंद करा, बिनधास्त करा. दारं-खिडक्या लागायच्या थांबणार आहेत का? म्यानमार, आफ्रिका, इक्वेडोरचा साग आजही कंटेनर भरभरून येतोच. तिथेही कुणाची तरी आई टोपली घेऊन निघत असेल.

मोहटोळी
@जुना_वनपाल, मोह सोडतात हे खरं आहे काका. पण एकटा मोह सोडून काय होते? फूल वेचायला बाई एका झाडाखाली बसून राहत नाही. मोह संपला की चारोळी, मग तेंदूपत्ता, पाऊस पडला की वारुळाजवळ सात्या (अळंबी), मग बांबूचे वास्ते (कोवळे कोंब). एकामागून एक लागून असते ते. सागात उभा ठेवलेला मोह म्हणजे लग्नात बोलावलं आणि पंगतीत बसवलं नाही.

खोटं बोलत नाही, आमचंही चुकते. फुलं वेचायला सोपी जावी म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ती आग पसरते आणि लहान रोपं मरतात. हे आम्ही ग्रामसभेत बोलतो, अजून पूर्ण थांबलं नाही.

पुणेरी_टेकडी
यावर उपाय म्हणजे निकृष्ट वनजमीन खासगी कंपन्यांना द्यावी, त्या कार्यक्षमतेने वाढवतील. 2015 मध्ये केंद्राने तसा विचार मांडलाच होता. सरकारी महामंडळं हवीतच कशाला?

मोहटोळी
दादा, कंपनी कुंपण घालेल. आमची आई टोपली घेऊन कुठून जाईल ते सांगा आधी.

कायद्याचा_कीडा
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतायत. जंगल घटलं हे आकड्यांत दिसणारच नाही. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरहून मोठी जागा आणि दहा टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र असेल तर वनाच्छादन धरतं; झाडं लावलेली की उगवलेली, साग की मोह, असा भेद त्या मोजणीत नाही. मिश्र जंगल जाऊन साग दाटला की नकाशा परत हिरवा. त्यामुळे 'वनक्षेत्र वाढलं' ही बातमी आणि 'आमचं जंगल गेलं' ही तक्रार एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

दुसरं, 2006 चा वनहक्क कायदा. सामूहिक हक्क मिळालेल्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेचं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला तो हक्क 2009 मध्ये मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. बांबू गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातून मिळणारं बाकीचं) आहे की लाकूड, यावरच घोडं अडलं होतं. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. हक्क कागदावर आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी दोन वर्षं गेली.

जुना_वनपाल
मेंढ्याचं उदाहरण सगळे देतात. प्रत्येक गाव मेंढा नसतं. त्यांनी आधी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, एकमताने निर्णय घ्यायची सवय लावली. दुसऱ्या गावात ठेकेदाराने दोन माणसं हाताशी धरली की जंगल साफ.

पळसपान
मान्य. अतिक्रमणावर मी लिहायला हवं होतं, तेही मान्य. पण काका, ठेकेदाराची भीती असेल तर ग्रामसभेला बळ द्यायचं की तिचं जंगल काढून साग लावायचा? आणि माझ्या मूळ प्रश्नाला कुणी हात लावला नाही. मोजणीला जाताना मोहाचं उत्पन्न कुठल्या रकान्यात भरता?

जुना_वनपाल
भरत नव्हतो. आम्ही छातीइतक्या उंचीवर घेर मोजायचो, त्यातून घनमीटर निघतात. फुलांना घेर नसतो. 'आडजात' हा आगारातला, लिलावाचा शब्द. तो जंगलात न्यायला नको होता, इथवर मी तुमच्यासोबत आहे. महामंडळ बंद करा म्हणाल तर नाही. जुन्या रोपवनांतला साग विका, पण नवीन मिश्र जंगल घेऊ नका, असं म्हणा.

करवतवाला
मग पन्नास वर्षांनी लिलावात काय ठेवणार? माझा नातू विचारेल.

कायद्याचा_कीडा
शेताच्या बांधावरचा साग ठेवेल. 1988 चं धोरण तेच तर सांगतं.
@पळसपान, वादापेक्षा कामाचं विचारतो. डाव्या हाताचं जंगल तुमच्या सामूहिक दाव्यात आहे का? कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या तुकड्याला दिलेला नंबर) ताडून बघा.

पळसपान
हक्काच्या पट्ट्यावर (कागदावर) कक्ष क्रमांक आहे, सोबतचा नकाशा कुणाकडेच नाही. सरपंच म्हणतात तलाठ्याकडे, तलाठी म्हणतात वनखात्याकडे. सोमवारी तालुक्याला जातोय, मिळाला तर इथेच टाकतो.