मदत हवी आहे: झाडाने सोडलेला ऑक्सिजन पाण्यातला की कार्बन डायऑक्साइडमधला?

ओवीची_आई
नमस्कार मंडळी. लेक दहावीत, मी कॉमर्सवाली, नवरा दौऱ्यावर. म्हणून इथे धाव.

वहीत प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण आहे: ६ कार्बन डायऑक्साइड + ६ पाणी = १ ग्लुकोज + ६ ऑक्सिजन. बाईंनी सांगितलं, बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातला. लेकीने अणू मोजले. पाण्याच्या सहा रेणूंत ऑक्सिजनचे अणू सहाच, बाहेर पडतात बारा! कार्बन डायऑक्साइडमध्ये मात्र बरोब्बर बारा.

त्यात प्रयोगाने भर घातली. माशांच्या दुकानातून हायड्रिला ही पाणवनस्पती आणली, उकळून गार केलेल्या पाण्यात काचेच्या भांड्यात बुडवली, वर उलटं नरसाळं आणि पाण्याने भरलेली परीक्षानळी. खिडकीत ऊन चांगलं होतं, तरी बुडबुडे जवळपास नाहीतच. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला आणि देठाच्या कापलेल्या टोकातून मण्यांची माळच सुटली. भांड्यावर जाड टॉवेल टाकला की बंद. लेक म्हणते, पाणी तर आधीही होतंच, कार्बन डायऑक्साइड दिल्यावर ऑक्सिजन आला, म्हणजे तो त्यातलाच. मला खोडता येईना.

पानाआड
बाईंचं बरोबर आहे. पाणी डावीकडे १२ लिहा आणि उजवीकडे ६ पाणी वाढवा. पुस्तकात दोन्हीकडचं वजा करून ६ ठेवलेलं असतं. हिशोब सुटेल.

ओवीची_आई
हिशोब सुटला, पण सोडा?

जुना_मास्तर
ताई, लेकीला शाबासकी द्या. तिचा तर्क चुकला आहे, पण चांगल्या जागी चुकला आहे.

स्लॅब टाकताना घमेल्यांची रांग पाहिली असेल. खाली माल भरणारे, वर ओतणारे. वरून रिकामी घमेली परत आली नाहीत, तर खालच्यांच्या हातात फावडं असूनही काम थांबतं.

हरितलवकात, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांत, हेच चालतं. आत थायलॅकॉइडच्या चकत्या असतात. त्यांच्या पटलात सूर्यप्रकाशाच्या जोरावर पाणी फुटतं: दोन रेणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो आणि चार इलेक्ट्रॉन मिळतात. ते इलेक्ट्रॉन शेवटी एनएडीपी नावाच्या रेणूवर चढतात. हे आपलं घमेलं. ते रिकामं होतं चकत्यांबाहेरच्या स्ट्रोमात, कार्बन डायऑक्साइडपासून साखर घडताना. तुमच्या उकळलेल्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला होता. घमेली भरून पडली, म्हणून पाणी फुटणं जवळपास थांबलं. सोड्याने वरचं काम सुरू केलं, घमेली परतली.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. केंब्रिजच्या रॉबर्ट हिल यांनी १९३७ मध्ये हरितलवकं पेशीबाहेर काढून त्यांना लोहाचा क्षार दिला. कार्बन डायऑक्साइड नाही, साखर नाही, तरी प्रकाशात ऑक्सिजन आला! घमेली दुसऱ्याच कुणी रिकामी केली की झालं. मग १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात रूबेन, केमन आणि सहकाऱ्यांनी क्लोरेला शेवाळ घेऊन जड ऑक्सिजनची, म्हणजे नेहमीपेक्षा वजनदार आणि म्हणून ओळखता येणाऱ्या अणूंची, खूण वापरली. खूण पाण्यात ठेवली तर ती बाहेरच्या वायूत सापडली. बायकार्बोनेटात ठेवली, म्हणजे तुमच्या सोड्याच्याच जातीत, तर वायूत आली नाही.

कार्बन डायऑक्साइडचे ते बारा अणू म्हणाल, तर सहा ग्लुकोजमध्ये आणि सहा उजवीकडच्या त्या नव्या पाण्यात.

पानाआड
घमेलं ढापतोय, शिकवणीत वापरेन.

ओवीची_आई
सर, खूप आभार. लेक प्रयोगवहीत घमेलंच काढतेय, बाई काय म्हणतील कोण जाणे. तिचा आणखी एक प्रश्न: नुसत्या उकळलेल्या पाण्यातही मधूनच एखादा बुडबुडा यायचा, तो कसा?

जुना_मास्तर
हायड्रिला श्वासही घेते ना. तिच्याच श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तेवढी एकदोन घमेली रिकामी करतो.