मदत हवी आहे: सोर्सिंगमध्येच राहावं की रिक्रुटर व्हावं?

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीची, महापेच्या एका कन्सल्टन्सीत सोर्सर आहे. नोकरी डॉट कॉम, लिंक्डइनवर माणसं शोधून रिक्रुटरला द्यायची. बूलियन सर्च (अँड, ऑर, नॉट लावून नेमकं शोधणं) छान जमतं. परवा तळोज्याच्या औषध कंपनीसाठी नुसतं 'क्यूए' (क्वालिटी अॅश्युरन्स, म्हणजे दर्जाची हमी) टाकलं तर सगळे सॉफ्टवेअर टेस्टर! 'जीएमपी' (औषधं बनवतानाचे दर्जाचे नियम) आणि 'बॅच रेकॉर्ड' जोडलं, 'सेलेनियम'ला (सॉफ्टवेअर टेस्टिंगचं टूल) नॉट लावलं, तेव्हा कुठे फार्मावाले दिसायला लागले. शोधायचं आम्ही, इन्सेंटिव्ह मात्र रिक्रुटरला. असो.

आता फार्मा सोर्सिंगच पक्कं करावं की उमेदवारांशी फोनवर बोलणं, पगाराची घासाघीस हेही शिकून घ्यावं? कुणी फ्रीलान्स करत असेल तर पैसे सीव्हीमागे घेता की जॉइनिंगनंतर? कोर्स विकणाऱ्यांनी कृपया इनबॉक्समध्ये येऊ नये.