मदत हवी आहे: 'वेअर शॉट अप'मध्ये नेमकं चुकलं काय?

मंडळी, शंका किरकोळ आहे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

मासिक अहवालात मी लिहिलं होतं, 'कम्प्लेंट्स वेअर सडनली शॉट अप बाय थ्री हंड्रेड.' सांगायचं होतं एवढंच, की आठवड्याला १२० तक्रारी यायच्या त्या एकदम ३०० वर गेल्या. साहेबांनी 'वेअर'भोवती लाल गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'गोळ्या कोणी झाडल्या?' मीटिंगमध्ये सगळे हसले. मीही हसलो, पण विनोद काही कळला नाही. शब्दकोशात तर शूट अप म्हणजे झपाट्याने वाढणं असंच दिलंय. की स्पाइक, सर्ज, स्कायरॉकेट यांपैकी काही लिहायला हवं होतं? मला सगळ्यांना मिळून 'भडकणे' एवढंच सुचतं.

प्रतिसाद १

भडकणेच घ्या. भाव आपले आपण भडकतात, 'भडकले गेले' असं आपण म्हणत नाही. तसंच नुसतं 'कम्प्लेंट्स शॉट अप'. 'वेअर' घातलं की कर्मणी प्रयोग होतो आणि अर्थच पालटतो. 'द कार वॉज शॉट अप' म्हणजे गोळ्यांनी गाडीची चाळण झाली. तुमच्या तक्रारींची तीच गत झाली!

खरी घोडचूक मात्र साहेबांच्या नजरेतून सुटलीय. 'बाय थ्री हंड्रेड' म्हणजे ३०० ने वाढल्या, म्हणजे एकूण ४२०. तुम्हाला 'टू थ्री हंड्रेड' हवं. वाढ १८० ची, म्हणजे १५० टक्के. सरळ 'फ्रॉम १२० टू ३००' लिहा, गोंधळच नको. आणि 'सडनली' काढा, 'शॉट'मध्ये तो झटका आलाच.

आता बाकीचे शब्द. शूट अप वर गेल्याचं सांगतं, पुढे काय झालं ते सांगत नाही. स्पाइक म्हणजे आलेखावरचं टोक, चढलं तसं उतरलं. सर्ज लाटेसारखा, जोरात आणि लोंढ्याने. स्कायरॉकेट आतषबाजीतल्या बाणावरून आलाय, १२० चे ३०० झाले त्याला तो जरा बातमीछाप वाटेल. शूट अप थोडा बोलीतला आहे, ऑफिसात खपून जातो. अगदी औपचारिक हवं असेल तर 'रोझ शार्पली'.

प्रतिसाद २

अवांतर: पोरं ताडमाड वाढतात त्यालाही शूट अपच. पण काळ सांभाळा. 'ही हॅज शॉट अप' म्हणजे उंच झाला. मी एकदा भाच्याबद्दल 'ही इज शूटिंग अप धिस इयर' असं कळवलं होतं. नशेची सुई टोचून घेण्यालाही हाच शब्द आहे, हे मला समोरच्याच्या काळजीच्या फोनवरून समजलं.

धागाकर्ता

बाप रे! आलेख पुन्हा उघडला, पुढच्याच आठवड्यात तक्रारी १३० वर आल्यात. म्हणजे स्पाइक. 'कम्प्लेंट्स वेअर स्पाइक्ड टू ३००' चालेल ना?

प्रतिसाद १

परत 'वेअर'! 'द ड्रिंक वॉज स्पाइक्ड' म्हणजे पेयात कोणीतरी गुपचूप काही मिसळलं. 'कम्प्लेंट्स स्पाइक्ड ॲट ३००' लिहा आणि पाठवून द्या.