जीपीएस बंद, तरी ठिकाण कळतं ते कसं?

फोनचं जीपीएस बंद ठेवूनही आपलं ठिकाण कसं कळतं, असा प्रश्न आहे. फोन ज्या टॉवरला जोडलेला असतो, तो मोबाईल कंपनीला माहीत असतोच. जुन्या जीएसएममध्ये (म्हणजे टू-जी मोबाईल नेटवर्कमध्ये) सिग्नल पोचायच्या वेळेवरून अंतरही कळतं, पण सुमारे ५५० मीटरच्या टप्प्यांत. म्हणजे बडोद्यात मांडवीतला माणूस थेट दांडिया बाजारातही दिसू शकतो! आसपासच्या वाय-फाय राउटरवरून मात्र बरंच नेमकं ठिकाण मिळतं.

मला जास्त काळजी वाटते ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांची. आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी ११२ या आपत्कालीन मदतीच्या नंबरचा कॉल दुसऱ्या उपलब्ध नेटवर्कवरून जाऊ शकतो, हे त्यांना आवर्जून सांगा. आणि नकाशावर विसंबू नका, गल्लीचं नाव आणि जवळची खूण तोंडी सांगायला शिकवा.