ऐकायला एमपी३ चालेल, जपायला फ्लॅकच

'३२० केबीपीएसचा (म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा) एमपी३ आणि फ्लॅक (आवाजातलं काहीही न टाकता फाइल लहान करणारा प्रकार) यांतला फरक कानाला कळत नाही, मग डिस्क कशाला भरायची?' हा मुद्दा ऐकण्यापुरता मलाही मान्य आहे. बसमध्ये ब्लूटूथवर ऐकताना तर नक्कीच.

पण घरच्या गाण्याच्या बैठकींच्या जुन्या कॅसेट उतरवून ठेवायच्या असतील, तर मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवा, ही कळकळीची विनंती. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज एमपी३ कायमचे टाकून देतो. पुढे खरखर काढून फाइल पुन्हा एमपी३मध्ये साठवली की आणखी घट होते. तबल्याच्या चाटीवर, झांजेवर, टाळ्यांवर ती आधी जाणवते. फ्लॅकवरून एमपी३ केव्हाही करता येतो. उलट केलं तर फाइल नुसती फुगते, गेलेलं परत येत नाही.

जागेचं म्हणाल तर सीडीच्या दर्जाचं मिनिटभर ध्वनिमुद्रण वेव्हमध्ये, म्हणजे न आवळलेल्या फाइलमध्ये, सुमारे १० एमबी होतं, फ्लॅकमध्ये बहुधा निम्म्याच्या आसपास. शिवाय फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीची एमडी५ खूण (ध्वनीवरून गणिताने काढलेला छोटा संकेतांक) साठवता येते, त्यामुळे फाइल बिघडली आहे का हे नंतर तपासता येतं. कॅसेट आत्ताच उतरवा. फीत खराब होतच राहते.